थोरल्या जावयाचं इंजिन

माणसाला हेवा कुणाचाही वाटावा, साडूचा वाटू नये. शेजाऱ्याचा वाटला तर खिडकी लावून घेता येते. कारखान्यातल्या सोबत्याचा वाटला तर निवृत्तीनंतर सुटका होते. साडू मात्र बायकोच्या बाजूने हक्काने घरात येतो, आपल्याच खुर्चीत बसतो, आणि त्याला साखर किती लागते हे आपल्या बायकोला न विचारता ठाऊक असतं.

मायक्रॉनला हा रोग जुना होता. मायक्रॉन हे काही त्याचं नाव नव्हे, कारखान्यातल्या मंडळींनी ठेवलेलं. तिथे तो गेज बनवायचा. दुसऱ्यांनी केलेला भाग मापात आहे की नाही हे ज्याच्यावर पारखतात ते गेज, म्हणजे तपासनिसाचाही तपासनीस. ते बनवणाऱ्याला चुकायची सोय नसते. केसाच्या जाडीचे पन्नास-साठ काप केले तर त्यातला एक काप म्हणजे मायक्रॉन, आणि हा गृहस्थ त्या एका कापावरून साहेबांशी भांडायचा. निवृत्त झाल्यावर त्याने घरामागच्या खोलीत धातू कातायचा छोटा लेथ मांडला, हत्यारं फळीवर उंचीप्रमाणे लावली, आणि भांडणं मात्र घरात आणली. बायकोने भिंतीवर कॅलेंडर टांगलं तरी हा एक डोळा मिटून म्हणायचा, "डावीकडे झुकलंय."

"मग मान उजवीकडे करून बघा," बायको म्हणायची.

घरात तिसरं माणूस म्हणजे सासरे. जुन्या काळचे वाफेच्या रेल्वेइंजिनाचे ड्रायव्हर. काचबिंदूने दोन्ही डोळे नेले, पाठोपाठ सासूबाई गेल्या, आणि म्हातारा चार दिवसांसाठी म्हणून थोरल्या लेकीकडे आला तो कायमचाच राहिला. मायक्रॉनची त्याबद्दल तक्रार नव्हती. म्हाताऱ्याला आंघोळ घालणं, दाढी करणं, नखं कापणं, औषधं देणं, सगळं तोच करायचा, आणि काटेकोर करायचा. नखं तर अशी कापायचा की दहाच्या दहा सारखी. त्याबद्दल त्याला काय मिळायचं? तर, "जावईबापू, तुम्हाला फार त्रास झाला." इतक्या वर्षांत ही "जावईबापू, तुम्ही"ची भिंत एक वीट खाली आली नव्हती. दवाखान्यातल्या परिचारिकेशीसुद्धा म्हातारा याहून मोकळं बोलायचा.

आणि धाकटा जावई? तो प्लंबर. घरात सगळे त्याला नळवालाच म्हणत, आणि तो स्वतःही फोनवर तसंच सांगायचा. सुट्टीच्या दिवशी बायकोला घेऊन यायचा, दारातूनच ओरडायचा, "काय म्हातारबा, आहात का अजून?" की आत म्हातारा खुलायचा. "ये रे भामट्या! तुला पोचवल्याशिवाय मी कसला जातोय!" मग दोघांचे टाळ्या देऊन विनोद चालायचे, त्यातले निम्मे बायकांसमोर सांगण्यासारखे नसायचे. आठवडाभर औषध मोजून देणारा मायक्रॉन दाराशी ट्रे घेऊन उभा, आणि तासाभरासाठी आलेला हा मनुष्य म्हाताऱ्याच्या पलंगावर मांडी घालून बसलेला. पोटात दुखणार नाही तर काय होणार?

अशाच एका सुट्टीला मायक्रॉन शेजारच्या खोलीत डोळ्यांच्या थेंबांची बाटली शोधत होता. भिंतीपलीकडून म्हाताऱ्याचा आवाज आला. "एकदा, शेवटचं एकदा वाफेचं इंजिन ऐकायला मिळायला हवं होतं रे. दिसत नाही त्याचं काही नाही. इंजिन काय डोळ्यांनी चालवतात? कानाने चालवतात."

नळवाल्याने नेहमीसारखा काहीतरी विनोद केला आणि विषय हसण्यावारी गेला. भिंतीअलीकडे मात्र मायक्रॉन बाटली हातात धरून तसाच उभा राहिला. इच्छा बोलून दाखवली, तीही साडूजवळ!

"मला का नाही सांगितलं?" त्याने नंतर बायकोला विचारलं.

"तुम्ही विचारलंत कधी?"

"विचारायला कशाला पाहिजे? मी घरातच असतो."

"घरात असता, पण परीक्षकासारखे असता," बायको म्हणाली आणि भाजी चिरत राहिली.

दुसऱ्या दिवशीच मायक्रॉनने कामाला हात घातला. छोटं, टेबलावर मावेल असं, पण खरोखर वाफेवर चालणारं इंजिन. बिडाच्या तुकड्यातून सिलिंडर, पितळेच्या कांबीतून पिस्टन, एक भारी चाक, खाली तांब्याचा बॉयलर आणि त्याखाली स्पिरिटचा दिवा. रचना अगदी साधी निवडली. सिलिंडर एका खिळीवर डोलतं, आणि डोलता डोलता स्वतःच वाफेचं भोक उघडतं आणि झाकतं. साध्या रचनेत लपायला जागा नसते, असं तो म्हणायचा. म्हाताऱ्याला यातलं काही सांगितलं नव्हतं. चालू झालं की एकदम कानावर पडेल, आणि तो एकदम म्हणेल, शाब्बास. बस्स, तेवढं एक "शाब्बास" हवं होतं. वर्षानुवर्षांच्या आंघोळींचं मोल म्हणून नव्हे, असं तो स्वतःला बजावायचा, आणि ते अर्थातच खोटं होतं.

पण बायकोच्या पोटात काही राहतंय होय! तिने बहिणीला सांगितलं, बहिणीने नवऱ्याला, आणि पुढच्या सुट्टीला नळवाला थेट मागच्या खोलीत.

"दादा, चोरून चोरून इंजिन? मीपण करतो की. मजा येईल! बॉयलर मी दोघांचेही करतो, तांब्याला डाख देणं म्हणजे आपल्या हातचा मळ. तुम्ही मला फक्त एक सिलिंडर द्या करून."

मायक्रॉनच्या अंगाचा तिळपापड झाला. पण बॉयलरची अडचण खरीच होती. लेथवर त्याचा हात देवासारखा चाले, डाख देताना मात्र डाखाचे गोळे व्हायचे. त्याने हो म्हटलं. मग भंगाराच्या डब्यात हात घालून त्याने एक सिलिंडर काढलं. ते त्याने स्वतः बाद केलेलं होतं. कापताना हत्यार थरथरलं होतं, आणि आतलं भोक जरा मोठं आणि तोंडाशी आणखी पसरट झालं होतं.

"हे घे. एकदम तयार आहे," तो म्हणाला.

नळवाल्याने सिलिंडर डोळ्याला लावून खिडकीकडे बघितलं. "वा! आरसा आहे आरसा! दादा, तुमच्या हाताला तोड नाही." आणि मनापासून म्हणाला. खोटं बोलला असता तर मायक्रॉनला बरं वाटलं असतं.

पुढचे कैक आठवडे मायक्रॉन आपल्या पिस्टनला घासत होता. आधी लेथवर, मग बारीक पॉलिशच्या पेस्टने हाताने. घासायचा, पुसायचा, मोजायचा, पुन्हा घासायचा. शेवटी असा बसला की सिलिंडरच्या तोंडावर अंगठा धरला तर पिस्टन आतल्या हवेवरच तरंगायचा आणि अंगठा काढला की हळूच खाली उतरायचा. मध्ये फट होती ती तीन-चार मायक्रॉनची. असं काम त्याने ऐन उमेदीत कारखान्यातही केलं नव्हतं. बायकोला बोलावून दाखवलं. ती म्हणाली, "छान आहे. पण चालतं का?" त्याने सायकलचा पंप जोडून हवा भरली, आणि इंजिन शिवणयंत्रासारखं गुणगुणत फिरलं. बायको खरंच थक्क झाली. मायक्रॉनला वाटलं, झालं, जिंकलो.

तिकडे नळवाल्याने काय केलं, तर कुठल्याशा जुन्या पितळी कॉकचा दांडा कानशीने घासून पिस्टन केला. तो सिलिंडरमध्ये खुळखुळायला लागला म्हणून त्याला मधोमध एक खाच पाडली, आणि नळाच्या आट्यांना गुंडाळतात तसं ग्रीसमध्ये बुडवलेलं सूत त्या खाचेत गुंडाळलं. त्याच्या कानशीला माप ठाऊक नव्हतं आणि त्यालाही. इंजिन जोडून दाखवायला आणलं तेव्हा मायक्रॉनने एकच नजर टाकली आणि मूग गिळून गप्प बसला. सुताने इंजिन! हसावं की रडावं! पण आतून त्याला मोठा आनंद झाला, तो लपवायला त्याने चष्मा पुसला.

मग ती सुट्टी आली. मधल्या खोलीत टेबल ओढलं, त्यावर दोन्ही इंजिनं शेजारी शेजारी. म्हाताऱ्याला खुर्चीवर आणून बसवलं. काय आहे ते दोघी बहिणींनी त्याला अजून सांगितलं नव्हतं. एक त्याच्या मागे उभी, एक बाजूला, दोघी लहान मुलींसारख्या खुदखुदत होत्या. थोरल्याचा मान पहिला म्हणून मायक्रॉनने आपल्या बॉयलरखालचा दिवा पेटवला. पाणी कुजबुजायला लागलं तसा म्हाताऱ्याचा चेहरा बदलला. मान ताठ झाली.

"वाफ आहे ही," तो म्हणाला. "कुणी केलं?"

"ऐका तर आधी, बाबा," थोरली म्हणाली.

मायक्रॉनने कॉक उघडला आणि चाकाला बोटाने ढकललं. इंजिन फिरलं. एक फेरा, दोन, चार, सहा, आणि मग आवाज जड झाला, चाक थकलेल्या माणसासारखं मंद झालं, आणि थांबलं. त्याने पुन्हा ढकललं. हलेना. जोर लावला. हलेना. सांध्यातून सगळी वाफ सुटून टेबलावर पसरली, आणि इंजिन आपलं जागच्या जागी, दगड.

म्हाताऱ्याने कानाने सगळं बघितलं होतं. तो फार सांभाळून म्हणाला, "होईल, जावईबापू, होईल. तुमचं काम बारीक असतं. बारीक कामाला वेळ लागतो."

नळवाला तर आपलं लावायलाच तयार नव्हता. "राहू दे आज," तो म्हणाला, "आधी दादांचं बघू काय अडकलंय ते." त्याची ही दया मायक्रॉनला नाकात मिरच्या गेल्यासारखी झोंबली.

"लाव," तो म्हणाला. "लाव म्हणतो ना."

नळवाल्याने लावलं. आणि ते खुळखुळं, सुताने बांधलेलं, भंगारातलं इंजिन फुस्स फुस्स करत निघालं, ते निघालंच. चारी बाजूंनी वाफ गळत होती, पाणी शिंतडत होतं, ग्रीसचे थेंब टेबलक्लॉथवर पडत होते, पण चाक भणभणत होतं. म्हाताऱ्याने दोन्ही तळवे टेबलावर ठेवले आणि लाकडातून येणारा थरथराट घेतला. त्याचं तोंड उघडंच राहिलं. मग तो लहान मुलासारखा ओरडला, "शाब्बास! शाब्बास रे पठ्ठ्या! चढावर आहे बघ, चढावर आहे!" आणि त्या गेलेल्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

मायक्रॉन आपलं इंजिन उचलून मागच्या खोलीत गेला. ते "शाब्बास" त्याचं होतं. त्याने जागा आखून ठेवली होती त्याच्यासाठी, आणि दुसऱ्याच कुणीतरी येऊन बूड टेकवलं होतं. आपलं इंजिन त्याने आतल्या टेबलावर ठेवलं, थोड्या वेळाने चाकाला सहज बोट लावलं, आणि चाक लोण्यासारखं फिरलं. नाचता येईना अंगण वाकडं म्हणावं तर अंगणही सरळच होतं. त्याला वाटलं ते उचलून भिंतीवर मारावं.

त्यानंतर मायक्रॉन म्हाताऱ्याशी कामापुरतंच बोलू लागला. "हात वर. पाय पुढे. थेंब घालतो." बस्स. आंघोळीचं पाणी तेवढंच बेताचं कोमट, औषध तेवढंच वेळेवर, पण तोंडाला कुलूप. म्हातारा एक-दोनदा काही बोलायला गेला आणि गप्प राहिला. बायकोने एकदा सरळच विचारलं, "माझ्या बापाने काय केलंय तुमचं?"

"काही नाही. त्याने कुठे काही केलंय? तेच तर," मायक्रॉन म्हणाला.

दर सुट्टीला आता नळवाला इंजिन घेऊनच यायचा. वर्तमानपत्रात गुंडाळून, काखेत मारून, मासळी आणावी तसं. लावायचा, म्हातारा खूश व्हायचा, दोघं मिळून कुठल्या घाटातला चढ आणि कुठला उतार ते ठरवायचे. मायक्रॉन त्या वेळी मागच्या खोलीत लेथ चालू करून बसायचा. लेथवर काही लावलेलं नसायचं. नुसताच फिरवायचा, आवाज ऐकू येऊ नये म्हणून.

एकदा असंच इंजिन चालून थांबलं आणि आत स्वयंपाकघरातून बायकोने नळवाल्याला हाक मारली, नळ ठिबकत होता म्हणून. नळवाला इंजिन मागच्या खोलीत मायक्रॉनच्या टेबलावर ठेवून गेला. "गरम आहे हं दादा, हात भाजेल," असं बजावूनही गेला.

मायक्रॉन एकटा आणि ते एकटं. लेथच्या खाली लोखंडाचा बारीक कीस पडला होता. त्याने एक चिमूट उचलली. एवढीशी चिमूट सिलिंडरमध्ये गेली की झालं, दोन फेऱ्यांत आतून खरवडून निघेल, आणि कुणाला कळणारही नाही. असं त्याच्या मनात आलं, आणि आलं ते आलंच. त्याने आपली खोली बघितली. फळीवर उंचीप्रमाणे लावलेली हत्यारं. मग त्याने फडक्याने इंजिन धरलं, खिळीचा नट सोडवला, सिलिंडर उतरवलं आणि पिस्टन बाहेर ओढला. कीस टाकायला पिस्टन बाहेर काढायची गरज नव्हती खरं म्हणजे.

पण हातात आलेली वस्तू मोजल्याशिवाय खाली ठेवणं या माणसाला जन्मात जमलं नव्हतं. वाईट काम करतानाही सवय कुठे जाते? चिमूट टेबलावर ठेवून त्याने मायक्रोमीटर घेतला आणि नळवाल्याच्या पिस्टनचं माप घेतलं. गेजवाल्यांचा नियम, माप तीनदा घ्यायचं. पहिलं माप घेतलं. दुसरं घेतलं तर ते कमी आलं. तिसरं आणखी कमी. मायक्रॉनने मायक्रोमीटर पुसला, पुन्हा लावला. आणखी कमी. पिस्टन त्याच्या हातात बसल्या बसल्या लहान होत होता.

आणि मग त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पितळ! गार होतंय, म्हणून आक्रसतंय! गरम होईल तेव्हा फुगेल, आणि बिडापेक्षा जास्त फुगेल! हे त्याला ठाऊक नव्हतं का? त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार! गेजच्या खोलीत उन्हाळा-हिवाळा एकच गारवा असायचा. बाहेरून आलेली वस्तू रात्रभर खोलीत निजवून थंड झाल्याशिवाय तिला माप लावायचं नाही, असा दंडक होता, आणि तो दंडक मोडला म्हणून याने पोरांना बाहेर काढलं होतं. सगळं आयुष्य त्याने गरम वस्तूला दाराबाहेर उभं केलं होतं. म्हणून घरी वाफेचं इंजिन करताना, ज्यात वाफच सगळं काही, त्यालाच हे आठवलं नाही. तीन-चार मायक्रॉनची फट! वाफ लागली की पितळ फुगणार आणि ती फट गिळणार. त्याचं काम चुकलं नव्हतं. फार बरोबर होतं, म्हणून मेलं होतं. आणि नळवाल्याचं वाचलं होतं ते सुतामुळे. पितळ फुगलं की सूत दबायचं, आक्रसलं की सूत फुगायचं.

"काय दादा, उघडलंत?" नळवाला दारात उभा होता. हातात पाना, बाह्या ओल्या. त्याने सुटं इंजिन बघितलं, टेबलावरची किसाची चिमूट बघितली. "कीस गेला होता की काय आत?"

मायक्रॉनच्या कानशिलापर्यंत रक्त आलं. "हो... म्हणजे, मला वाटलं, जाईल. म्हणून बघत होतो."

"बरं झालं बघितलंत. मी असा वेंधळा, कुठेही ठेवतो," नळवाला म्हणाला आणि ती चिमूट स्वतःच फुंकरीने उडवून टाकली.

त्या आठवड्यात मायक्रॉनने आपला पिस्टन लेथवर चढवला. इतके आठवडे घासून आरशासारखं केलेलं त्याचं अंग कापायला हत्यार पुढे नेलं आणि मागे घेतलं, पुन्हा नेलं. स्वतःच्या हाताने चांगली वस्तू बिघडवायची म्हणजे गंमत आहे का! शेवटी डोळे मिटले नाहीत एवढंच. फट मोठी केली, मधोमध खाच पाडली, आणि ग्रीसमध्ये सूत बुडवून गुंडाळलं. बोटं चिकट झाली. "आता मी नळवाला," तो स्वतःशीच पुटपुटला, आणि ते त्याला अजिबात आवडलं नाही.

दुपारची वेळ होती. बायको बहिणीकडे गेली होती. म्हातारा आपल्या खोलीत आडवा झाला होता. मायक्रॉनने मागच्या खोलीचं दार लोटून घेतलं, दिवा पेटवला आणि वाट बघत बसला. या वेळी बघायला कुणी नको. पुन्हा हात दाखवून अवलक्षण नको. पाणी कुजबुजलं, मग बोललं. त्याने कॉक उघडला, चाक ढकललं.

चाललं. फुस्स फुस्स करत, इकडे तिकडे गळत, थेट साडूच्या इंजिनासारखं चाललं. दहा फेरे झाले, शंभर झाले, थांबेना. मायक्रॉन फेरे मोजत राहिला.

काठीचा आवाज आला. दार ढकललं गेलं. म्हातारा चाचपडत आत आला, खुर्चीची पाठ हाताला लागली तसा बसला, आणि आवाजाच्या दिशेने तोंड करून हसला.

"आलास का रे भामट्या? आज चोरून आलास वाटतं. हाक नाही, बोंब नाही."

मायक्रॉनने तोंड उघडलं. मी आहे म्हणायला हवं होतं.

"थोरला बाहेर गेलाय ना?" म्हाताऱ्याने आवाज खाली आणला. "मग चालू दे. तो असताना नको लावत जाऊस, बाबा. तुला सांगायचं बरेच दिवस मनात होतं. त्या दिवशी मी येड्यासारखा ओरडलो. शाब्बास काय, पठ्ठ्या काय. ओरडून झाल्यावर मला त्याची पावलं ऐकू आली, आतल्या खोलीकडे जाताना. तेव्हापासून माझ्या घशाखाली घास उतरत नाही."

इंजिन चालत होतं. मायक्रॉनने टेबलाची कड धरली.

"तुझ्याशी मला सोपं जातं रे. तू येतोस, हसवतोस, जातोस. तू हसवलंस की मी शाब्बास म्हटलं, फिटलं. त्याला काय म्हणू? तो मला उघडा करून आंघोळ घालतो. पोटच्या पोराने केलं नसतं असं करतो. त्याला शाब्बास म्हणायला मी कोण? शाब्बास वरच्याने खालच्याला म्हणायचं असतं. मग काय बोलावं ते सुचत नाही, आणि मी आपला जावईबापू, तुम्हाला त्रास झाला, असलं कचेरीतल्यासारखं बोलत बसतो. तो त्या दिवशी थांबला ना, तेव्हा मला वाटलं, माझे कान गेले असते तरी चाललं असतं." म्हाताऱ्याने काठी दोन्ही गुडघ्यांत घट्ट धरली. "त्याचं चालायला पाहिजे होतं. मला ऐकायचं होतं ते त्याचं."

पाणी संपत आलं होतं. इंजिनाने दोन-चार आचके दिले आणि ते थांबलं. खोली इतकी शांत झाली की दिव्याची वातसुद्धा ऐकू येत होती. आता गप्प राहता येण्यासारखं नव्हतं.

"मामा," मायक्रॉन म्हणाला.

म्हातारा जागच्या जागी गोठला. चेहऱ्यावर आधी काहीच नव्हतं, मग कानापासून लाली चढत गेली.

"तुम्ही?"

"हो."

"आणि हे... हे तुमचं?"

"माझंच. दुरुस्त केलं."

आणि म्हातारा कडाडला. इतक्या वर्षांत या घरात त्याने आवाज म्हणून चढवला नव्हता. "मग तोंडात काय बोळा कोंबला होता? म्हातारा आंधळा बडबडत सुटलाय, आणि तुम्ही गाढवासारखे उभे! एक हूं नाही की चूं नाही! लाज नाही वाटत?"

"वाटते," मायक्रॉन म्हणाला. त्याला हसूही येत होतं आणि डोळ्यांतून पाणीही. ते पाणी पुसायला हात वर नेला तर बोटांना ग्रीस होतं, ते सगळं गालाला लागलं. त्याला आयुष्यात कुणी गाढव म्हणालं नव्हतं. काम इतकं चोख ठेवलं होतं की म्हणायची कुणाची हिंमतच झाली नव्हती.

"मग उभे काय राहिलात? पाणी घाला त्यात!" म्हातारा अजून ओरडतच होता, पण आवाज फाटत होता. "मी नीट ऐकलंच नाही. बोलण्यातच गेलं सगळं."

मायक्रॉनने बॉयलरमध्ये पाणी ओतलं. घाईत निम्मं टेबलावर सांडलं. दिव्याची वात मोठी केली. दोघेही पाणी तापायची वाट बघत बसले, म्हातारा टेबलावर तळवे टेकून, आणि मायक्रॉन त्याच्या अगदी शेजारी स्टुलावर.

"सुट्टीला धाकटा येईल तेव्हा त्यालाही ऐकवा," म्हातारा म्हणाला. "खूश होईल तो. मनाचा फार चांगला आहे."

"आहे की," मायक्रॉन म्हणाला. मग जरा थांबून, "पण या सुट्टीला नको. पुढच्या नाहीतर त्याच्या पुढच्या. काही दिवस आपण दोघंच ऐकू."

म्हाताऱ्याने मान वळवून त्याच्याकडे बघितलं, म्हणजे तोंड त्याच्याकडे केलं, आणि ओठांच्या कोपऱ्यात हसला.

"बरं," तो म्हणाला. "त्याला सांगायचं नाही." आणि खुर्ची आणखी पुढे ओढली.